विश्लेषण : शेतराखणीची दुनळी बंदूक चालते कशी? तिच्या परवान्यात काय बसते, काय बसत नाही?

सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा या डोंगरी तालुक्यांत भात, भुईमूग, मका हाताशी आला की राखणीच्या रात्री सुरू होतात. रानडुकरांचा कळप एकदा शिवारात शिरला की महिन्यांची मेहनत सकाळपर्यंत मातीमोल होते. गवे डोंगर उतरून पिकात येतात, तर कराड, वाळव्याच्या उसात बिबट्याचा वावर आता नवा राहिलेला नाही. अशा भागातील काही घरांत वडिलोपार्जित परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, आचारसंहिता संपली की परत येते. ती कोणत्या अंतरावर काय करू शकते, रिकामी आहे हे कसे ओळखायचे आणि परवाना असला तरी डुक्कर मारता येते का, याविषयी मात्र गैरसमजच जास्त आहेत. या बंदुकीची रचना, मर्यादा आणि कायदा यांचा हा आढावा.

छर्‍याची बंदूक आणि रायफल यांत फरक काय?

फरक नळीच्या आतल्या बाजूला आहे. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचांमुळे एकच गोळी भोवर्‍यासारखी फिरत बाहेर पडते आणि लांबवर सरळ जाते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले, ते ५० मीटर रायफल प्रकारात. तिथे लक्ष्यावर एकेक गोळी मिलिमीटरच्या हिशेबाने बसवावी लागते.

छर्‍याच्या बंदुकीची, म्हणजे शॉटगनची, नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून एका बारात अनेक छर्रे एकदम सुटतात आणि पुढे जाताना पसरत जातात. हलत्या, जवळच्या लक्ष्यासाठी ही रचना आहे. राज्यवर्धन राठोड यांनी २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले तो डबल ट्रॅप हा याच बंदुकीचा खेळ. त्यात हवेत उडणार्‍या मातीच्या चकत्या फोडायच्या असतात. थोडक्यात, रायफल दूरवर एक बिंदू गाठते, तर छर्‍याची बंदूक जवळचा एक पट्टा व्यापते.

‘बारा बोअर’ हा आकडा कुठून आला?

बारा म्हणजे मिलिमीटर नव्हे आणि छर्‍यांची संख्याही नव्हे. हे जुने इंग्रजी माप आहे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातील एका गोळ्याचा जो व्यास होईल, तो बारा बोअरच्या नळीचा व्यास. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळा बोअर बारापेक्षा बारीक आणि वीस बोअर त्याहून बारीक. ‘चारशे दहा’ला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे नळीचा व्यास थेट इंचात, म्हणजे ०.४१० इंच असा सांगितलेला असतो.

बंदुकीचे मुख्य भाग कोणते?

ढोबळमानाने तीन. पुढे नळी, मध्ये यंत्रणा असलेली बॉडी आणि मागे लाकडी दस्ता. दुनळी बंदुकीत दोन नळ्या बहुधा शेजारी शेजारी जोडलेल्या असतात. काही बंदुकांत त्या एकावर एक असतात.

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याइतका रुंद भाग असतो, त्याला चेंबर म्हणतात. पुढच्या तोंडाशी नळी किंचित निमुळती केलेली असते, तो चोक. ही निमुळती बाजू डोळ्याला दिसत नाही. बारा बोअरमध्ये सर्वांत घट्ट, म्हणजे फुल चोकमध्येही ती सुमारे एका मिलिमीटरचीच असते. पण छर्रे किती पसरणार हे तिच्यावर ठरते. सर्वसाधारण दुनळीत उजव्या नळीचा चोक सैल आणि डावीचा घट्ट असतो. बहुतेक बंदुकांना दोन चाप असतात. पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा. जवळच्या लक्ष्याला पहिला बार, ते लांब गेले तर दुसरा, असा त्यामागचा विचार आहे. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी फक्त एक बारीक मणी असतो.

बॉडीमध्ये घोडे, स्प्रिंगा, ठोकणार्‍या पिना आणि चाप असतात. बोलण्यात अनेकदा ‘घोडा ओढला’ असे म्हटले जाते, पण बोटाने ओढतात तो चाप; काडतुसावर घाव घालतो तो घोडा. जुन्या बंदुकांत घोडे बाहेर दिसतात आणि ते अंगठ्याने चढवावे लागतात. नंतरच्या बंदुकांत ते बॉडीच्या आत गेले. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये पेटंट घेतलेली रचना जगभर नकलली गेली. त्यात बंदूक मोडताना, म्हणजे बिजागरीवर नळ्या खाली झुकवताना, त्या हालचालीनेच आतले घोडे चढतात. आज दिसणार्‍या बहुतेक साध्या दुनळी बंदुका याच पठडीतल्या आहेत.

दस्ता खांद्याला टेकवायचा. चांगल्या बंदुकीत तो अक्रोडाच्या लाकडाचा असतो. बार झाल्यावर बसणारा धक्का तो खांद्यावर पसरवतो. दस्ता खांद्यात घट्ट धरला नसेल तर धक्का खांद्याला किंवा गालाला लागतो आणि दुसर्‍या बाराचा नेमही जातो.

काडतुसात काय असते?

पितळी बूड आणि त्यावर कागदाची किंवा प्लास्टिकची नळकांडी, असे काडतुसाचे बाह्यरूप. बुडाच्या मध्यभागी धक्क्याने पेटणारी छोटी टोपी बसवलेली असते. तिच्यापुढे दारू, दारूपुढे गादी आणि गादीपुढे छर्रे, असा क्रम असतो. वरचे तोंड दुमडून किंवा चकती लावून बंद करतात.

बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात साधारण ३० ग्रॅम शिसे असते. ते किती छर्‍यांत वाटायचे, हे काडतुसाच्या नंबरावरून कळते. सहा नंबरच्या काडतुसात अडीच मिलिमीटरच्या आसपास व्यासाचे पावणेतीनशे ते तीनशे छर्रे असतात. ‘एसजी’ किंवा ‘एलजी’ काडतुसात तेवढेच शिसे बोटांवर मोजता येतील इतक्या मोठ्या छर्‍यांत असते. या काडतुसांशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. १८६९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे बनत आली आहेत. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचा भाग आहे.

चाप ओढल्यावर नेमके काय घडते?

चढवलेला घोडा ताणलेल्या स्प्रिंगवर एका खाचेत अडकून बसलेला असतो. चाप ओढला की ती अडकण सुटते. घोडा पुढे झेपावतो, पिन टोपीवर आदळते आणि टोपीची ठिणगी दारूत जाते. दारू जळून वायू तयार होतो आणि तो गादीला ढकलतो. गादी छर्‍यांचा गठ्ठा पुढे रेटते. त्याच वेळी काडतुसाचे नळकांडे फुगून चेंबरला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे, म्हणजे चेहर्‍याकडे येत नाही. छर्रे सेकंदाला साधारण साडेतीनशे ते चारशे मीटर वेगाने बाहेर पडतात. हे सर्व सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकते.

यानंतर बॉडीवरची कळ अंगठ्याने बाजूला सारून नळ्या खाली झुकवल्या की एक छोटी पट्टी काडतुसे चेंबरमधून थोडी वर उचलते आणि ती हाताने काढता येतात. काही बंदुकांत झाडलेले काडतूस स्प्रिंगने बाहेर फेकले जाते.

ठासणीची बंदूक वेगळी कशी? कायद्यात तिचे नाव का येते?

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. दारू, गादी आणि छर्रे नळीच्या तोंडातून एकेक करून घालायचे आणि गजाने ठासायचे, म्हणून ती ठासणीची. मागच्या बाजूला बारीक नळीवर केप बसवायची आणि घोडा तिच्यावर पडला की बार होतो. एका बारानंतर पुन्हा भरायला वेळ लागतो आणि पावसात दारू भिजते. पुढे नळी मागून उघडण्याची रचना आली आणि टोपी, दारू, छर्रे एकाच काडतुसात बांधले गेले. आजच्या दुनळीचा जन्म त्या बदलातून झाला.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये या दोन्ही बंदुकांचा थेट उल्लेख आहे. कलम १३ नुसार संरक्षण किंवा खेळासाठी परवाना देताना गुळगुळीत नळीची आणि किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर लांब नळीची बंदूक गृहीत धरली आहे. खर्‍याखुर्‍या पीक संरक्षणासाठी कायदा आधी ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो. ती पुरेशी नाही असे परवाना प्राधिकार्‍याला वाटले, तर गुळगुळीत नळीच्या दुसर्‍या बंदुकीचा परवाना देता येतो.

नळीच्या लांबीचा उल्लेख उगाच नाही. नळी कापली की बंदूक कपड्यांत लपवता येते. त्यामुळे विनापरवाना नळी आखूड करणे हा कलम ६चा भंग ठरतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. गंजलेले तोंड गावातल्या कारागिराकडून ‘थोडे कापून घेणे’ किती महागात पडू शकते, हे यावरून लक्षात यावे.

छर्रे किती अंतरापर्यंत परिणामकारक असतात?

समजापेक्षा खूपच कमी. चोक मोजण्याची रूढ पद्धत अशी की ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे बसतात ते पाहायचे. फुल चोकमध्ये सुमारे ७० टक्के बसतात. चोक नसलेल्या नळीत सुमारे ४० टक्केच. त्यापुढे छर्रे इतके विखुरतात आणि त्यांचा जोर इतका ओसरतो की नेम बरोबर असला तरी परिणामाची खात्री राहत नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. परिणामकारक अंतर कमी म्हणजे त्यापलीकडे धोका नाही, असे नव्हे. सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. एसजीसारखा मोठा छर्रा अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जातो. उसाच्या फडात किंवा मक्यात हालचाल दिसली म्हणून रात्री बार टाकला, तर पलीकडे पाणी पाजणारा शेतकरी, ऊसतोड कामगार किंवा त्याची खोप असू शकते. पिकाची पाने छर्रे अडवत नाहीत.

गव्यासारख्या अवाढव्य जनावरावर किंवा बिबट्यावर छर्‍यांचा बार टाकणे तर दुहेरी धोक्याचे. जनावर मरत नाही, जखमी होते. जखमी बिबट्या पुढे गावाला अधिक धोकादायक ठरू शकतो.

बंदूक रिकामी आहे हे कसे ओळखायचे? अपघात कुठे होतात?

बंदूक मोडून दोन्ही चेंबरमधून आरपार उजेड दिसला, तरच ती रिकामी. दुसरी कोणतीही खूण ग्राह्य धरू नये. सेफ्टी लावलेली आहे, हे उत्तर नव्हे. अनेक दुनळी बंदुकांत सेफ्टीचा खटका फक्त चाप अडवतो. घोडा मात्र ताणलेल्या स्प्रिंगवर चढलेलाच असतो. बंदूक दगडावर पडली किंवा आतली खाच झिजलेली असली, तर धक्क्याने घोडा सुटू शकतो. बाहेर घोडे असलेल्या बहुतेक जुन्या बंदुकांना तर वेगळी सेफ्टीच नसते. म्हणून बांध ओलांडताना, कुंपणातून जाताना, मोटारसायकलवर बसताना आणि घरात शिरण्यापूर्वी काडतुसे काढून बंदूक मोडलेली ठेवणे हा पहिला नियम. त्यामुळे शेजारी उभ्या माणसालाही ती निर्धोक आहे हे दिसते.

दुसरा धोका नळीच्या तोंडाशी असतो. चालताना तोंड ओल्या जमिनीला टेकले, चिखल किंवा गवत आत गेले आणि तसाच बार केला, तर वायूला वाट मिळत नाही आणि नळी फाटते. तिसरा धोका चुकीच्या काडतुसाचा. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या चेंबरमध्ये घातले तर ते घसरून नळीत पुढे जाऊन अडकते. चेंबर रिकामा दिसतो, मागून बाराचे काडतूस भरले जाते आणि बार केला की नळी हातातच फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत आहे.

चौथा धोका जुन्या बंदुकांचा. अनेक जुन्या नळ्यांचे चेंबर ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेले असतात. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात आरामात बसते, कारण छापलेले माप तोंड उघडल्यानंतरचे असते. बार होताना मात्र दुमडलेले तोंड उघडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. नळीखाली कोरलेले माप वाचणे आणि परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडून बंदूक तपासून घेणे, हाच त्यावरचा उपाय.

परवाना असेल तर रानडुक्कर मारता येते का?

नाही. शस्त्र परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आले. या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. अशी परवानगी हातात नसताना झाडलेला बार गुन्हा ठरू शकतो, मग बंदूक परवान्याची का असेना.

गवा आणि बिबट्या अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांच्याबाबत पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही. स्वतःचा किंवा दुसर्‍याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, असे कलम ११ सांगते. पण तसा मारलेला प्राणीही सरकारची मालमत्ता असतो. पीक नुकसानीसाठी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. तो मार्ग लांबचा वाटला तरी कायदेशीर आहे. डुकरांसाठी ठेवले जाणारे गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली वीज मात्र बेकायदा आहेतच, शिवाय माणसांचे आणि पाळीव जनावरांचे बळी घेणारी आहेत.

सातारा, सांगलीत वेगळा नियम कोणता?

येथील अनेक गावे अभयारण्यांच्या शेजारी आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वर अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणार्‍या शस्त्र परवानाधारकाने वनखात्याकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. त्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. हेच कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. म्हणजे जिथे पिकांना वन्यप्राण्यांचा उपद्रव सर्वाधिक, तिथेच बंदुकीवरचे निर्बंधही सर्वाधिक आहेत. शेतकर्‍यांच्या नाराजीचे आणि वन्यजीव रक्षणाच्या आग्रहाचे, दोन्हींचे मूळ या एकाच परिघात आहे.

वडिलांच्या नावावरची बंदूक मुलाकडे राहू शकते का?

परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर बंदूक तशीच कपाटात ठेवणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. शस्त्र नियम, २०१६ नुसार कायदेशीर वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे राहिले, तर हयातीतही वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. निर्णय जिल्हादंडाधिकार्‍यांचा असतो.

२०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणार्‍या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. लग्नाच्या वरातीत किंवा विजयी मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात येईल असा हवेत बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

निवडणुकीनंतर बंदूक पोलीस ठाण्यातून परत घेताना पावतीवरील क्रमांक परवान्याशी जुळवून पाहावा. ती तिथेच मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का, आत गंज किंवा कचरा आहे का, हे तपासावे. घरी ती कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत.